ससाणा हातावर का बसतो? शिकारी पक्षी आणि बाजदारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिकारी पक्ष्यांविषयीचे प्रश्न सहसा दोन बाजूंनी येतात. कुणी विचारतं, ‘हातावर ससाणा बसवायचाय, सुरुवात कुठून करू?’ कुणी विचारतं, ‘एवढ्या मुक्त पक्ष्याला बांधून ठेवताना काहीच वाटत नाही का?’ गंमत म्हणजे दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरलेली असते : हातावरचा पक्षी त्या माणसाच्या मालकीचा. निदान उडताना तरी तो कुणाच्याच मालकीचा नसतो. खालची बरीच उत्तरं फिरून याच गोष्टीपाशी येतात, त्याला इलाज नाही.

बाजदारी म्हणजे नेमकं काय?

शिकवलेला शिकारी पक्षी घेऊन रानातल्या सावजाची रानातच शिकार करणं. माणूस झुडपं झोडपून सावज उठवतो, पुढचं काम पक्ष्याचं. पाठलाग, झडप, पकड हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याला पटवून द्यायचं असतं ते इतकंच, की हा दोन पायांचा प्राणी जवळपास असला की शिकार सोपी होते.

मध्य आशियाच्या गवताळ पठारांपासून अरबस्तान, जपान आणि युरोपपर्यंत ही कला हजारो वर्षं चालत आली. सोळाव्या शतकात कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने तर या विषयावर संस्कृतात ‘श्यैनिकशास्त्र’ नावाचा अख्खा ग्रंथ लिहिला. श्येन म्हणजे ससाणा-बाज. २०१० साली ११ देशांनी मिळून बाजदारीची नोंद युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत करून घेतली. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश सामील झाले होते.

प्रेक्षकांसमोर मैदानात पक्षी उडवून दाखवतात, ते प्रदर्शन. त्यालाही कौशल्य लागतं, पण ती बाजदारी नव्हे.

ससाणा, बाज, गरुड, घार… सगळे एकच ना?

नाहीत. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार. तो उघड्यावर, उंचावरून सूर मारून शिकार करतो. बाज आणि शिक्रा यांचे पंख आखूड, गोलसर आणि शेपूट लांब, कारण त्यांना झाडांच्या दाटीतून वाट काढत पाठलाग करायचा असतो. गरुड अंगाने दांडगा, पकड जबर. घार बऱ्याचदा उचलेगिरीवर जगते. भोवत्या गवतावरून खालून खालून फिरत राहतो. नावच किती चपखल आहे!

मारण्याची तऱ्हाही वेगळी. बाज आणि गरुड पंजाने आवळून मारतात. ससाणा पंजाने पकडतो आणि चोचीने मानेचा मणका तोडतो. त्यासाठी त्याच्या वरच्या चोचीच्या कडेला दातासारखा एक उंचवटा असतो. आता खरं आश्चर्य : २००८ साली डीएनएच्या मोठ्या तुलनेतून असं दिसलं, की ससाण्यांचं जवळचं नातं गरुड-घारींशी नाही, पोपटांशी आणि चिमण्यांच्या कुळाशी आहे. बाक असलेली चोच आणि अणकुचीदार नख्या दोन घराण्यांत वेगवेगळ्या तयार झाल्या. पेशा एक, घराणी दोन.

जाता जाता : बहिरी ससाणा बहिरा नसतो. हा ‘बहिरी’ अरबी-फारसीतल्या ‘बहरी’वरून आलाय, म्हणजे समुद्राकडचा.

मादी नरापेक्षा मोठी असते हे खरं का?

खरं. बहिरी ससाण्याचा नर मादीपेक्षा साधारण एक तृतीयांशाने लहान भरतो. कारण काय, यावर पक्षिशास्त्रज्ञ अजून भांडतात. जोडीने वेगवेगळ्या आकाराचं सावज मारलं तर एकमेकांच्या ताटातलं कमी होत नाही, हे एक उत्तर. अंडी उबवताना मादी घरट्यावर आणि चपळ नर शिकारीवर, हे दुसरं. जुन्या मीर शिकाऱ्यांनी, म्हणजे परंपरेने शिकारी पक्षी शिकवणाऱ्यांनी, या भांडणात न पडता नर-मादीला सरळ वेगळी नावंच देऊन टाकली. बाज म्हणजे मादी, तिचा नर जुर्रा. लगड ससाण्यातही लगड मादी, नर जगड. दोघांकडून घ्यायचं काम वेगळं, म्हणून नाव वेगळं.

मोकळा सोडल्यावर पक्षी उडून का जात नाही?

जाऊ शकतो. प्रत्येक उड्डाणाला जाऊ शकतो, आणि कधी कधी जातोही. सगळी बाजदारी याच शक्यतेवर उभी आहे.

रानातला शिकारी पक्षी हौसेने उडत नाही. त्याच्या बहुतेक झडपा फुकट जातात आणि प्रत्येक फुकट झडपेला ताकद खर्च होते. एखादी नखी तुटली, पंख दुखावला की उपासमार ठरलेली. पहिल्या वर्षातच निम्म्याहून जास्त पिल्लं मरतात. त्यामुळे पोट भरलेला ससाणा फांदीवर स्वस्थ बसून असतो. आपण त्याला आळस म्हणू, त्याच्या दृष्टीने तो हिशेब आहे.

बाजदार या हिशेबात शिरतो. त्याच्या मुठीवर खात्रीचं मांस आहे, तो सावज उठवून देतो, पक्ष्याने पकडलेलं हिसकावून न घेता बदल्यात तितकंच चांगलं काहीतरी देतो. पक्षी जेवत असताना इतर पक्षी जवळ येऊ नयेत याचीही काळजी घेतो. असा सौदा रोज पाळला गेला की पक्षी परत येतो. एकदा फसवलं, म्हणजे रिकामी मूठ दाखवली किंवा मारलेलं सावज ओरबाडून घेतलं, की तो पुढच्या खेपेला तुमच्याकडे पंख पसरून पाठ करतो. भक्ष्य पंखांखाली झाकून घेण्याची ही जी सवय आहे, ती चोरांसाठी असते. पक्ष्याने तुम्हाला चोरांत जमा केलं, की समजा महिनाभराची मेहनत पाण्यात.

म्हणजे उपाशी ठेवून शिकवतात?

हा आरोप अर्धा खरा आणि म्हणूनच त्रासदायक आहे. भुकेशिवाय पक्षी काम करत नाही, हे खरं. पण भूक आणि उपासमार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जाणकार माणूस पक्ष्याला रोज, ठरल्या वेळी, ग्रॅममध्ये तोलतो. प्रत्येक पक्ष्याचं एक ‘उडायचं वजन’ असतं : त्याच्यावर गेला की लक्ष देत नाही, फार खाली गेला की ताकद राहत नाही. चांगल्या बाजदाराचा प्रयत्न हे वजन हळूहळू वाढवत नेण्याचा असतो. व्यायामाने स्नायू येतात, विश्वास बसतो, आणि तोच पक्षी जास्त वजनावरही परत येऊ लागतो.

उपासमार लपतही नाही. पीस वाढत असताना पक्ष्याला खायला कमी पडलं, तर त्या दिवसाची एक पुसट आडवी रेघ पिसावर उमटते आणि पुढे पीस नेमकं तिथेच तुटतं. वर्षभर ती चुगली पक्ष्याच्या पाठीवर फिरत असते. तुटलेल्या पिसावर उपायही जुनाच आहे : मागच्या वेळी गळलेलं तसंच पीस जपून ठेवायचं आणि बारीक काडी आत घालून, गोंद लावून तुटक्या देठावर बसवायचं. रोपाला कलम करावं तसं.

शिकवायला किती वेळ लागतो?

पहिलं मोकळं उड्डाण साधारण महिन्या-दीड महिन्यात. पण त्यातले सुरुवातीचे दिवस बाहेरून बघणाऱ्याला अत्यंत कंटाळवाणे वाटतील. पक्ष्याच्या पायांत मऊ चामड्याच्या पट्ट्या, त्यांना भोवरकडी, भोवरकडीला दोरी. माणसाच्या डाव्या हातात जाड हातमोजा. आणि मग नुसतं बसायचं, तासन्‌तास. पक्षी फडफडून उलटा लटकतो, त्याला शांतपणे परत मुठीवर घ्यायचं. पुन्हा तेच. ज्या दिवशी तो मुठीवर मान खाली घालून खातो, त्या दिवशी पहिली लढाई संपली. खाताना मान खाली घालणं म्हणजे नजर तुमच्यावरून काढणं, आणि ती त्याच्या दृष्टीने फार मोठी जोखीम आहे.

मग मुठीवर उडी, मग लांब दोरीला बांधून दहा पावलं, पन्नास पावलं, पूर्ण मैदान. ससाण्याला दोरीला बांधून फिरवलेलं आमिष ओळखायला लावतात. ज्या दिवशी लांब दोरी सुटते, त्या दिवशी अनुभवी माणसाच्याही पोटात गोळा येतो. आता पायाला किंवा पाठीवर छोटा ट्रान्समीटर असतो, पूर्वी फक्त घुंगरू असायचे.

डोळ्यांवर टोपी घालणं क्रूर नाही का?

दिसायला तसं दिसतं. पण शिकारी पक्ष्याची भीती डोळ्यांतून येते. दिसेनासं झालं की तो शांत होतो. प्रवासात, गर्दीत, दुसरा पक्षी उडत असताना टोपीमुळे त्याची ओढाताण वाचते. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत युरोपात या कामासाठी पापण्या दोऱ्याने शिवत. टोपी त्यांनी अरबांकडून उचलली. तेराव्या शतकातला ‘पवित्र रोमन साम्राज्या’चा सम्राट दुसरा फ्रेडरिक हा तिचा मोठा पुरस्कर्ता. पूर्वेकडच्या बाजदारांना मुद्दाम बोलावून त्याने त्यांच्या पद्धती शिकून घेतल्या होत्या. नीट न बसणारी, डोळ्याला टेकणारी टोपी मात्र खरंच छळ आहे.

पक्षी माणसावर माया करतो का?

नाही. कुत्र्यासारखी तर नाहीच. तो तुम्हाला ओळखतो, तुमच्यासोबत निवांत राहतो, अनोळखी माणसासमोर बिथरतो. याहून जास्त अर्थ लावायचा मोह आवरावा.

एक अपवाद आहे आणि तो आनंदाचा नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून माणसानेच भरवलेलं पिल्लू स्वतःलाच माणूस समजू लागतं. मोठं झाल्यावर ते माणसाकडेच खायला मागत किंचाळतं, माणसाशीच हद्दीवरून भांडतं आणि माणसाशीच जोडी जमवू बघतं. रानात सोडायला ते निकामी. (कृत्रिम पैदाशीसाठी काही ससाण्यांना मुद्दाम असं वाढवतात. असा नर माणसाच्या डोक्यावरच्या खास बनवलेल्या हॅटशी मीलन करतो आणि तिथून वीर्य गोळा केलं जातं. संवर्धनाचं सगळंच काम काही भारदस्त नसतं.)

नवशिक्याने कोणता पक्षी घ्यावा?

पुष्कळ देशांत याचं उत्तर ‘हॅरिस हॉक’ असं मिळतं. नैर्ऋत्य अमेरिकेपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत सापडणारा हा पक्षी रानातही टोळीने शिकार करतो, त्यामुळे ‘सोबती’ ही कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासूनच असते. बाकीचे बहुतेक शिकारी पक्षी एकांडे. विम्बल्डनच्या टेनिस मैदानांवरून कबुतरं हाकलणारा ‘रूफस’ याच जातीचा.

लहान म्हणून खरुचीसारखा (केस्ट्रेल) छोटा ससाणा सोपा वाटतो, पण तो सगळ्यात धोक्याचा. एवढ्याशा देहात पाच-दहा ग्रॅम इकडे-तिकडे झाले की पक्षी संध्याकाळपर्यंत मेलेला असतो. आणि सोनेरी गरुड? कझाक शिकारी त्याच्याकडून कोल्हे मारून घेतात, पण ती माणसं लहानपणापासून बापाच्या हातावर तो पक्षी बघत वाढलेली असतात. हौस म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नये. त्या पंजाची पकड हातमोज्यातून हाडापर्यंत जाणवते.

मला घरी ससाणा पाळता येईल का?

भारतात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही बंद आणि रानातले शिकारी पक्षी पकडणं, बाळगणंही गुन्हा. अमेरिकेत परवाना लागतो : लेखी परीक्षा, पक्ष्याच्या घराची तपासणी, आणि किमान दोन वर्षं अनुभवी बाजदाराच्या हाताखाली उमेदवारी. ब्रिटनमध्ये बंदिस्त पैदाशीतला, नोंद असलेला पक्षी ठेवता येतो. देशांमधली ने-आण वन्यजीवांच्या व्यापारावरच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते आणि बहिरी ससाणा दीर्घकाळ त्याच्या सर्वात कडक, पहिल्या परिशिष्टात राहिला आहे. संयुक्त अरब अमिरातीत २००२ पासून ससाण्यांना चक्क पासपोर्ट मिळतात.

कायदा बाजूला ठेवला तरी स्वतःला एक प्रश्न विचारा : पुढची दहा-पंधरा वर्षं, रोज, पावसात, तापात, घरात लग्न असताना, कुणी पक्ष्याचं वजन करून त्याला खायला घालणार आहे का? ज्यांना पक्षी हवा असतो त्यांतल्या बहुतेकांना खरं तर फोटो हवा असतो. दुर्बीण घ्या. शिक्रा मोठ्या झाडांच्या आसपास, कापशी घार तारेवर आणि घार कुठेही दिसते. त्यांना पाहायला परवाना लागत नाही.

शिकारी पक्ष्यांची नजर माणसाच्या आठपट असते म्हणतात…

आठपट हा आकडा कुठून निघाला देव जाणे. मोजणी झाली तेव्हा मोठ्या गरुडाची नजर आपल्या दुपटी-अडीचपटीच्या आसपास भरली. तेवढंही पुष्कळ झालं. खरी करामत रचनेत आहे : आपल्या डोळ्यात तीक्ष्ण दृष्टीचा एकच बिंदू असतो, त्यांच्या डोळ्यात दोन. एक समोरचं बघायला, दुसरा बाजूचं दूरचं. दूरचा बिंदू डोकं तिरकं केल्यावरच उपयोगी पडतो आणि वेगात डोकं तिरकं ठेवलं तर वारा आडवा येतो. मग ससाणा काय करतो? सरळ रेषेत न येता, डोकं सरळ ठेवून सावजाकडे वळणदार वाटेने येतो. रस्ता लांबतो, पण वेग टिकतो आणि नजरही सुटत नाही.

ताशी ३०० किलोमीटरच्या वर वेग गेला की श्वास कसा घेतो?

बहिरी ससाण्याच्या सुराचा वेग ३०० च्या पलीकडे जातो, हे मोजलेलं आहे. नाकपुडीतल्या हाडाच्या गाठीमुळे तो श्वास घेऊ शकतो आणि जेट विमानाचं इंजिन त्यावरून सुचलं, ही गोष्ट सगळीकडे फिरते. पण तीच गाठ हळू उडणाऱ्या, हवेत एका जागी फडफडत थांबणाऱ्या खरुचीलाही असते. तेव्हा जरा दमाने घ्यावं.

चाळिसाव्या वर्षी गरुड डोंगरावर जाऊन चोच आपटून पाडतो आणि नव्याने जन्मतो, ही गोष्ट…

खोटी. पूर्ण खोटी. दर काही महिन्यांनी ती व्हॉट्सॲपवर पुन्हा जन्मते, गरुड नव्हे. चोच आणि नख्या आपल्या नखांसारख्याच आयुष्यभर वाढतात आणि झिजतात. मुळापासून चोच तुटलेला गरुड पाच महिने थांबून नवी चोच मिळवत नाही, तो उपासमारीने मरतो. रानात तिशी ओलांडणारे गरुडच विरळ, तिथे सत्तर वर्षांचं आयुष्य कुठून आणायचं?

मग गरुड पिल्लांना उडायला शिकवण्यासाठी कड्यावरून ढकलतो, ते?

तेही नाही. फार तर आई-बाप खाणं घेऊन थोडं लांब बसतात. ‘घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी’ ही म्हण निरीक्षण म्हणून कितीतरी जास्त अचूक आहे.

पण घरट्यातलं वास्तव त्या गोष्टीपेक्षा कठोर असू शकतं. पहिलं अंडं घातल्याबरोबर उबवायला सुरुवात होते, त्यामुळे थोरलं पिल्लू धाकट्याच्या काही दिवस आधी बाहेर येतं. आफ्रिकेतल्या काळ्या व्हेरो गरुडाच्या घरट्यात थोरलं धाकट्याला टोचून टोचून मारतं, खाणं भरपूर असलं तरी, जवळजवळ दरवेळी. दुसरं अंडं म्हणजे विमा, पहिलं फुटलं-बिघडलं तर. संवर्धनवाल्यांनी काही जातींत या विम्याचा फायदा उठवला : मरणारच असलेलं धाकटं पिल्लू वेळेवर उचलायचं आणि वेगळं वाढवायचं.

घार डोक्यावर झडप घालते. काय करू?

जवळ घरटं आहे आणि पिल्लं उडायच्या बेतात आहेत. काही आठवडे छत्री धरा किंवा रस्ता बदला. घरटं पाडू नका. तिचा तुमच्यावर राग नाही.

बाजदारीसाठी पकडून पकडूनच हे पक्षी संपले ना?

काही ठिकाणी हानी झाली आहे, ती झाकायची नाही. मध्य आशियात १९९० नंतर शाकर ससाण्यांची बेसुमार धरपकड झाली. २०१२ पासून ही जात आययूसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ‘धोक्यात’ या गटात आहे. पासपोर्ट आणि बंदिस्त पैदास यांमुळे ते दडपण काही प्रमाणात उतरलं, चोरटा व्यापार संपलेला नाही. पण शाकरला विजेचे खांबही तितकेच मारतात. मंगोलियाच्या उघड्या माळावर बसायला झाडच नाही, म्हणून पक्षी खांबावर बसतो आणि पंख तारेला टेकला की संपला. दरवर्षी हजारो मरतात. उपाय महागडा नाही, तारेवर आवरण घालायचं. तिथल्या हजारो खांबांवर ते काम झालंही आहे.

आणि याच्या बरोबर उलटी कथाही आहे. १९६० च्या सुमारास ब्रिटनमधल्या कबुतरवाल्यांनी तक्रार केली, की बहिरी ससाणे फार माजलेत. सरकारने मोजणी करायला डेरेक रॅटक्लिफ यांना बसवलं. त्यांना आढळलं भलतंच : ससाणे नाहीसे होत होते. रॅटक्लिफ यांनी मग संग्रहातली जुनी अंडी काढून टरफलं तोलली. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच टरफलं अचानक पातळ झाली होती, म्हणजे डीडीटी हे कीटकनाशक शेतात आलं तेव्हापासून. किडा खाणारा छोटा पक्षी, त्याला खाणारा ससाणा. विष एकेक पायरी चढत साठत जात होतं आणि आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटत होतं. हे १९६७ साली छापून आलं. तोवर अमेरिकेच्या पूर्व भागात बहिरी ससाण्याची एकही जोडी घरटं करत नव्हती.

१९७० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉम केड यांनी ‘पेरेग्रिन फंड’ सुरू केला. केड प्राध्यापक होते आणि बाजदारही. ससाण्याची जोडी बंदिवासात कशी जमवायची, आजार कसे ओळखायचे, पिल्लाला रानात कसं सोडायचं, हे ज्ञान त्या घडीला विद्यापीठांत कमी आणि बाजदारांकडे जास्त होतं. पिल्लं सोडायची रीत तर मध्ययुगातली. बाजदार पिल्लाला उंच जागी खोक्यात ठेवत, खाणं ठेवून स्वतः दिसेनासे होत आणि खोकं उघडून देत. पिल्लू उडे, परत खाण्यासाठी येई, हळूहळू स्वतः मारायला शिके, मग त्याला पुन्हा पकडत. संवर्धनात फक्त शेवटची पायरी गाळली. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, हजारो पिल्लं अशी सोडली गेली, आणि १९९९ मध्ये अमेरिकेतला बहिरी ससाणा संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. आज तो गगनचुंबी इमारतींच्या कठड्यांवर घरटी करतो. त्याला तो कडाच वाटतो.

मॉरिशसच्या ससाण्याचं तर १९७४ मध्ये रानात फक्त ४ पक्ष्यांवर आलं होतं. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादीची पहिली अंडी उचलून यंत्रात उबवली, म्हणजे ती पुन्हा अंडी घाले. पुढे संख्या शेकड्यांत गेली. मात्र अलीकडे तिथे पुन्हा घसरण दिसते आहे. जंगलच उरलं नाही तर पिल्लं सोडायची कुठे?

गिधाडं कुठे गेली?

या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं : डायक्लोफिनॅक.

जनावरांना दुखण्यावर दिलं जाणारं हे स्वस्त औषध. ते दिल्यावर लगेच मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं, की काही दिवसांत त्यांचे मूत्रपिंड बंद पडत आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढे. भारतातल्या पाहणीत १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटलेली आढळली. आधी सगळ्यांना वाटलं, रोगाची साथ असेल. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००४ साली खरं कारण जाहीर केलं.

एवढं जबरदस्त मरण यायला किती मृत जनावरांत औषध असावं लागतं? गणित असं निघालं, की शंभरातलं एकही नको, त्याहून कमी पुरतं. गिधाडं थव्याने जेवतात, एका जनावरावर पन्नास-पन्नास. शिवाय जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि वयात यायला पाचेक वर्षं घेते. अशा पक्ष्याचा तोटा भरून यायला पिढ्या लागतात. पहिलंच बिल किती आलं हे माळरानावर साचलेल्या सडक्या जनावरांनी आणि वाढलेल्या भटक्या कुत्र्यांनी दाखवलं.

२००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात, म्हणून भारतात २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरत्या केल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना न बाधणारा पर्याय हाताशी आहे. हरियाणातल्या पिंजोरसारख्या केंद्रांतून पैदास चालू आहे. पण सोडलेल्या गिधाडाला पहिल्या जेवणात विष मिळणार असेल तर पैदास करून काय साधलं? पशुवैद्याच्या पिशवीत कोणती बाटली आहे, यावर सगळं अडलंय.

गिधाडं वासाने येतात का, असंही विचारतात. आपल्याकडची डोळ्यांनी येतात, आणि खाली उतरणाऱ्या दुसऱ्या गिधाडाकडे बघून येतात. अमेरिकेतलं टर्की गिधाड मात्र खरंच हुंगतं. गॅसला जो वास मुद्दाम लावतात, त्यावर ते जमतं आणि त्यावरून नळाची गळती सापडल्याचीही नोंद आहे.

सामान्य माणसाच्या हातात काय आहे?

कधी कधी सगळंच. २०१२ साली नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी स्थलांतरातले अमूर ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात होते. बाहेर गाजावाजा झाला, पण जाळी काढली ती तिथल्या गावांनी, ग्रामसभेच्या ठरावांनी. पुढच्याच हंगामात मारणं थांबलं. २०१३ मध्ये तिथे काही ससाण्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवले. हातभर लांबीचाही नसलेला तो पक्षी न थांबता अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरताना दिसला.

शिवाय : उंदरांना विष घालू नका, तोच उंदीर घुबड आणि कापशी खाते. काचेचा किंवा नायलॉनचा मांजा वापरू नका. घरट्याचं ठिकाण फोटोसोबत जाहीर करू नका.

जखमी पक्षी किंवा खाली पडलेलं पिल्लू सापडलं तर?

आधी बघा, ते खरंच अडचणीत आहे का. पिसं आलेलं पिल्लू झाडाखाली फडफडत असेल आणि वर आई-बाप ओरडत असतील, तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्र्यापासून लांब, उंच फांदीवर ठेवून निघून जा. माणसाचा हात लागला म्हणून आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

जखमी असेल तर जाड टॉवेल टाकून उचला. भीती चोचीची बाळगू नका, पंजांची बाळगा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि वन खात्याला किंवा पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांना कळवा. पिंजऱ्यात नको, पिसं मोडतात. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध, पाव, भात तर मुळीच नको. आणि थोड्या वेळाने त्याने केस-हाडांची गोळी ओकली तर घाबरू नका. न पचलेलं ते असंच रोज बाहेर टाकतात.

शिकवलेला पक्षी हरवला, तर तो रानात जगतो का?

मोठा झालेला, स्वतः शिकार केलेला पक्षी त्याच्या मूळ प्रदेशात असेल तर बऱ्याचदा जगतो. कझाक शिकारी काही हंगामांनंतर गरुडाला मुद्दाम सोडून देतात आणि तो पुढे घरटं करतो. परमुलखातल्या किंवा संकरित पक्ष्याचं सुटणं मात्र तिथल्या रानातल्या जातीला डोकेदुखी ठरू शकतं.

हरवलेल्या पक्ष्याला मारणारी गोष्ट भूक नसते, पायातली दोरी असते. दोरी किंवा पट्टीचं भोक फांदीत अडकलं की पक्षी उलटा लटकून मरतो. म्हणून उडवण्याआधी दोरी आणि भोवरकडी काढून घ्यायची, आणि भोक असलेल्या पट्ट्या बदलून बिनभोकाच्या आखूड पट्ट्या घालायच्या. हे काम हाताला इतकं सवयीचं व्हायला हवं, की उमेदवारीच्या पहिल्या वर्षी बाकी काही नाही जमलं तरी चालेल.